टोकियोच्या जत्रेतलं दाताळं



दसरा झाला की आपल्या गटांत एकच धांदल उडते. भाजणी कुणाकडे, अनारशाचं पीठ कुणाकडे, उटण्याच्या पुड्या कोण बांधणार, कंदील कोण चिकटवणार. आत्ताही तुमच्यापैकी निम्म्याजणींचे हात पिठात असतील, हे आम्हाला ठाऊक आहे. तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आपण जपानमधल्या टोकियो शहरात शरद ऋतूत भरणाऱ्या जत्रांबद्दल बोलणार आहोत.

टोकियोच का, असं विचाराल. आमच्या एका गटाच्या सचिव ताईंची लेक तिथे निशिकासाई नावाच्या भागात राहते. त्या भागात आपल्या देशातली बरीच कुटुंबं आहेत, त्यांत मराठीही आहेत. दिवाळीच्या सुमाराला तिथे मेळासुद्धा भरतो. मासिक बैठक संपली की ताई लेकीला व्हिडिओ कॉल लावतात आणि फोन सगळ्यांच्या हातून फिरतो. उंच इमारती बघून झाल्या, मिनिटाला मिनीट धावणाऱ्या गाड्या बघून झाल्या. मग एका काकूंनी विचारलं, "अगं, तिथं जत्रा भरती का? आन् भरती तर काय इकत्यात?" लेकीला प्रश्न फार आवडला. तिने फोटो पाठवले, माहिती पाठवली. आम्हीही वाचलं, विचारलं. त्यातलं निवडक आज सांगतो.

जपानात शरद ऋतू म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. भाताची कापणी याच दिवसांत होते. त्यामुळे शहर कितीही मोठं झालं तरी या महिन्यांतले सण शेताशीच बांधलेले आहेत. त्यांच्या आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेला चंद्र बघायचा सण असतो. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिलं तर ती पौर्णिमा बहुतेक वर्षी भाद्रपदाची निघते, एखाद्या वर्षी मात्र थेट आपली कोजागिरीच. ते दूध आटवत नाहीत. तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे उकडून एकावर एक रचतात, शेजारी उंच गवताचे तुरे ठेवतात आणि नव्याने खणून काढलेल्या अळकुड्या ठेवतात. घरात आलेलं नवं पीक आधी चंद्राला दाखवायचं. काकूंना हे लगेच पटलं.

मेगुरो नावाच्या भागात भाजलेल्या माशांचा उत्सव होतो. सानमा हा शरद ऋतूतला मासा. रस्त्यावर कोळशाच्या शेगड्या मांडून हजारो मासे भाजतात आणि लोक रांगा लावून खातात. गंमत अशी, की मेगुरोला समुद्रच नाही! त्यामागे एक जुनी विनोदी गोष्ट आहे. एक सरदार मेगुरोला फिरायला गेला असताना त्याला साध्या माणसांचा, नुसता विस्तवावर भाजलेला सानमा खायला मिळाला. तो खूश झाला. पुढे वाड्यावर त्याने तोच मासा मागितला, तर आचाऱ्यांनी सरदाराच्या घशात काटा नको, पोटाला तूप-तेल नको, म्हणून मासा उकडून, चरबी काढून, काटे उपटून पुढे ठेवला. सरदाराने घास घेतला आणि विचारलं, हा कुठला? बंदरावरच्या बाजारातला, सरकार. तर म्हणतो, छे, सानमा खावा तर मेगुरोचाच! आमच्याकडे ही गोष्ट सांगितल्यावर एक वहिनी म्हणाल्या, आमच्या सासूबाईंची पिठल्याची गोष्ट अशीच आहे.

तीन नोव्हेंबरला तिथे संस्कृती दिनाची सरकारी सुट्टी असते. त्याच्या आगेमागे जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांचा बाजार रस्त्यावर येतो. महिना संपत आला की गिंको झाडांची पानं पिवळीधमक होतात आणि लोक ती बघायला गर्दी करतात. हे सगळं छानच. पण आमच्या बायकांचा जीव अडकला तो दोन बाजारांत.

पहिला बाजार मुळ्याच्या लोणच्याचा. हसू नका. दर वर्षी १९ आणि २० ऑक्टोबरला टोकियोच्या निहोनबाशी भागात, ताकारादा एबिसु नावाच्या छोट्याशा देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत हा बाजार भरतो. नाव 'बेत्तारा-इची'. इची म्हणजे बाजार. आजूबाजूला बँका आणि कंपन्यांच्या मोठमोठ्या इमारती, आणि मधल्या गल्लीत कंदिलांच्या ओळींखाली मुळ्याचं लोणचं विकणाऱ्यांच्या गाड्या. हे दोन दिवस ऑफिसातले लोक सुटाबुटात पिशवीतून मुळा घेऊन घरी जातात.

आता लोणचं म्हटल्यावर कृती सांगितल्याशिवाय तुम्ही पुढे ऐकणार नाही. त्यांचा मुळा आपल्यापेक्षा जाड, पांढरा, हातभर लांब. तो सोलून आधी मिठात दाबून ठेवतात, म्हणजे पाणी सुटतं. मग तांदळावर वाढवलेली 'कोजी' नावाची एक बुरशी असते, तिच्यात आणि साखरेत तो मुरवतात. बुरशी म्हटल्यावर नाक मुरडू नका. आपण इडलीचं पीठ आंबवतो, दही लावतो, त्यातलाच हा प्रकार. त्यांचं मिसो आणि साके हीसुद्धा कोजीवरच होतात. लोणचं गोडसर, कुरकुरीत लागतं. मुळ्यावर तो तांदळाचा चिकट लगदा तसाच लागलेला असतो. बेत्तारा म्हणजे चिकचिकीत. पूर्वी तरुण पोरं दोरीला बांधलेला असा मुळा गर्दीत फिरवत, "बेत्तारा, बेत्तारा" ओरडत बायकांच्या मागे लागायची, की बघा, तुमच्या किमोनोला चिकटतो! म्हणजे जत्रेतल्या टवाळखोरीला देशाची सीमा नाही.

एबिसु हा व्यापाऱ्यांचा आणि कोळ्यांचा देव. एका हातात गळ, दुसऱ्या हातात मासा, चेहऱ्यावर हसू. जुन्या समजुतीप्रमाणे दहाव्या चांद्रमासात देशातले सगळे देव इझुमो नावाच्या तीर्थाला बैठकीसाठी जातात. एबिसु मात्र जात नाही. तो मागे राहून घर सांभाळतो. म्हणून त्या दिवसांत व्यापारी त्याची पूजा करतात आणि त्या पूजेचं सामान विकण्यासाठीच हा बाजार सुरू झाला. मुळ्याचं लोणचं पुढे त्यात सगळ्यांच्या वर गेलं. सगळे बैठकीला गेल्यावर मागे राहून घर सांभाळणारा देव! आमच्याकडे बायकांना तो फार जवळचा वाटला.

जाता जाता एक सांगायला हवं. टोकियोतच आसाकुसा भागात मात्सुचियामा नावाच्या टेकाडावर एक बौद्ध मंदिर आहे. तिथला देव शोतेन. तो म्हणजे आपला गणपतीच. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात गेलेला. त्याला मुळा वाहतात. देवळाच्या पायऱ्यांवर, कंदिलांवर मुळ्याची चित्रं आहेत. गणपतीला मुळा हे ऐकून आमच्यात पाच मिनिटं शांतता होती.

दुसरा बाजार नोव्हेंबरातला, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं भाषण. त्याचं नाव 'तोरी-नो-इची', कोंबड्याच्या दिवसाचा बाजार. त्यांच्या जुन्या कालगणनेत बारा प्राणी आहेत आणि दिवस त्या बारांच्या फेऱ्याने मोजतात. म्हणजे कोंबड्याचा दिवस दर बाराव्या दिवशी येतो. नोव्हेंबरात असे दोन किंवा तीन दिवस पडतात. ज्या वर्षी तीन पडतात त्या वर्षी आगी फार लागतात अशी समजूत आहे, त्यामुळे त्या वर्षी लोक चूल-शेगडी जपतात. टोकियोत बऱ्याच देवळांत हा बाजार भरतो. शिंजुकूच्या हानाझोनो देवळात भरतो, पण सगळ्यांत मोठा आसाकुसाच्या ओतोरी देवळात आणि त्याला लागून असलेल्या चोकोकुजी या बौद्ध मंदिरात. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मोठा नगारा वाजतो आणि बाजार उघडतो, तो पुढच्या मध्यरात्रीपर्यंत सलग चोवीस तास चालतो.

तिथे विकतात काय, तर दाताळं. हो, आपण खळ्यावर काडीकचरा ओढायला वापरतो तेच, बांबूचं. त्यांच्या भाषेत 'कुमादे', म्हणजे अस्वलाचा पंजा. या जत्रेची सुरुवात टोकियोच्या उत्तरेच्या हानामाता गावात झाली. तिथले शेतकरी सुगी झाल्यावर देवाला जायचे आणि देवळाबाहेर शेतीची अवजारं विकायला यायची. आज तो भाग शहराच्या पोटात गेला, शेतं गेली, पण दाताळं राहिलं. पानं ओढायचं अवजार हळूहळू नशीब ओढायचं अवजार झालं. दुकानदार, हॉटेलवाले, छोटे धंदेवाले ते विकत घेतात, दुकानात उंचावर लावतात आणि वर्षभर गिऱ्हाईक, पैसा, बरकत आपल्याकडे ओढली जावी अशी इच्छा धरतात.

नुसतं बांबूचं दाताळं मात्र नसतं. त्याच्यावर सोन्याच्या रंगाची नाणी, भाताची पोती, क्रौंच पक्षी, कासव, पाइन आणि बांबूच्या डहाळ्या, मासा, खजिन्याचं जहाज, असं काय काय गच्च लावलेलं असतं. काहींवर सात भाग्यदेवता असतात. त्यांतली बेंझायतेन म्हणजे आपली सरस्वती, वीणेसारखं वाद्य घेतलेली. आणि बहुतेक दाताळ्यांच्या मधोमध एका बाईचा चेहरा असतो, ओकामे नावाचा. गोल फुगीर गाल, बसकं नाक, बारीक डोळे आणि तोंडभर हसू. सुंदर म्हणावी अशी ती नाही, पण सगळ्या बाजाराचं लक्ष्मीपद तिच्याकडे. फोटो बघून आमच्या एका ताई म्हणाल्या, ही तर आपल्या गटात शोभेल.

तळहाताएवढं कुमादे हजार-दोन हजार येनला मिळतं. येन साधारण पन्नास-साठ पैशांचा धरा. मोठी, माणसाच्या उंचीची दाताळी लाखो येनची असतात. पहिल्या वर्षी छोटं घ्यायचं, पुढच्या वर्षी त्याहून थोडं मोठं, असा रिवाज आहे. जुनं दाताळं जत्रेत परत आणून देवळात द्यायचं आणि नवं न्यायचं. बचत गटात आपण पन्नास रुपयांपासून सुरुवात करून शंभरावर जातो, तसंच.

आता भावाची गंमत ऐका. इथे भाव लिहिलेला नसतो, घासाघीस करायची असते. गिऱ्हाईक कमी करा म्हणतं, दुकानदार थोडं उतरवतो, पुन्हा कमी करा, पुन्हा उतरतो, अशा दोन-तीन फेऱ्या होतात. सौदा ठरला की गिऱ्हाईक म्हणतं "कत्ता", दुकानदार म्हणतो "माकेता". या दोन्ही शब्दांना दोन-दोन अर्थ आहेत. कत्ता म्हणजे घेतलं, आणि कत्ता म्हणजे जिंकलो. माकेता म्हणजे भाव उतरवला, आणि माकेता म्हणजे हरलो. धंद्याला निघालेल्या माणसाला जिंकून पाठवायचं, म्हणून ही लुटुपुटूची लढाई.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. एवढं भांडून भाव उतरवल्यावर जाणतं गिऱ्हाईक काय करतं? उतरवलेले पैसे दुकानदाराला बक्षीस म्हणून परत देतं. म्हणजे दहा हजारांचं आठ हजारांवर आणलं, आणि हातात ठेवले दहा. जुन्या टोकियोच्या रीतीत यालाच रुबाब म्हणतात. मग दुकानातले सगळे गोळा होतात, गिऱ्हाइकाचं घर सुखरूप राहो आणि धंदा भरभराटीला येवो असं ओरडतात आणि ठेक्यात टाळ्या वाजवतात: तीन, तीन, तीन आणि एक. लेकीने त्याचा व्हिडिओ पाठवला होता. आमच्या बैठकीत तो चार वेळा लावला.

चौथ्यांदा लावल्यावर मात्र एक ताई म्हणाल्या, "आपल्याकडं गिऱ्हाईक भाव पाडतं, आन् टाळ्या त्याच्या त्यानंच वाजवतं." सगळ्या हसल्या, पण ते लागलं. दिवाळीच्या स्टॉलवर आपण रोज ऐकतो, "घरचंच तर आहे, त्याला एवढे कशाला?" घरचं म्हणजे फुकटचं, असं कुणी ठरवलं? टोकियोत घासाघीस आहेच, पण तिथे वस्तू करणाऱ्याचा पैसा शेवटी त्याच्या हातात परत येतो, असं आम्हाला वाटलं आणि बरं वाटलं.

पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. कारण दुकानात बसणारा वेगळा आणि वस्तू करणारी वेगळी, हेही असतं. आणि याबद्दल त्याच जत्रेच्या दारात राहिलेल्या एका बाईनेच लिहून ठेवलं आहे.

तिचं नाव हिगुची इचियो. भाऊ गेला, मग १८८९ साली वडील गेले, आणि सतराव्या वर्षी आई आणि बहिणीची जबाबदारी तिच्यावर आली. शिवण आणि धुण्याची कामं करून भागेना, म्हणून १८९३ च्या उन्हाळ्यात तिने ओतोरी देवळापासून जवळच र्युसेनजी वस्तीत एक छोटं दुकान टाकलं. काड्यापेटी, घरातल्या किरकोळ वस्तू, पोरांची स्वस्तातली मिठाई आणि खेळणी. माल आणायला इचियो जायची, दुकानात बहीण बसायची. तुमच्या-आमच्या गल्लीत असं दुकान चालवणाऱ्या किती जणी आहेत सांगा. ते दुकान वर्षभरसुद्धा टिकलं नाही. पुढच्या मे महिन्यात बंद करावं लागलं. पण त्या काळात तिने जे पाहिलं त्यातून 'ताकेकुराबे' ही दीर्घकथा आली. ती १८९५ पासून वर्षभर मासिकात छापली गेली.

त्या कथेच्या सुरुवातीलाच ही वस्ती येते. घराघरांत माणसं कागदाचे तुकडे कापतात, रंगवतात, बांबूच्या काडीला लावून दारात वाळत घालतात. काय, तर नोव्हेंबरातल्या बाजारासाठी दाताळ्यांची सजावट. नवं वर्ष सरलं की काम सुरू होतं. काही जण वर्षभर करतात, काही जण उन्हाळ्यापासून जोडधंदा म्हणून करतात आणि त्या पैशांतून सणाच्या कपड्यांची सोय होईल अशी आशा ठेवतात. आणि इचियो तिरकस लिहिते, की विकत घेणाऱ्यालाही जर ओतोरीचा देव एवढं देतो तर करणाऱ्या आम्हाला कितीतरी पट मिळायला हवं, असं सगळे म्हणतात खरे. पण या वस्तीत कुणी श्रीमंत झाल्याचं ऐकिवात नाही.

हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

त्या वस्तीला लागूनच योशिवारा होती, सरकारी परवान्याने चालणारी शरीरविक्रयाची वस्ती. एरवी तिथल्या बायकांना बाहेर पडायला बंदी आणि येण्याजाण्याला एकच मोठं दार. कोंबड्याच्या दिवशी मात्र मागची दारंही उघडत आणि जत्रेची गर्दी आत-बाहेर वाहायची. इचियोच्या कथेतल्या मुलीची थोरली बहीण त्याच वस्तीत कामाला असते, आणि ज्या दिवशी त्या खेळकर मुलीचं बालपण संपतं तो दिवसही तोरी-नो-इचीचाच. जत्रेच्या टाळ्या ऐकताना हेही लक्षात ठेवायला हवं. जपानात १९५८ साली कायदा पूर्णपणे लागू झाला आणि ती वस्ती बंद झाली.

आता आपल्याकडच्या कंदिलांचं बोलू. आमच्या दोन गटांतल्या बायका एका व्यापाऱ्यासाठी कंदील चिकटवतात. डझनाला ठरलेला दर. सांगाडा, कागद, गोंद त्याचा; हात आणि घर आपलं. गेल्या वर्षी तोच कंदील शहरात कितीला विकला जातो हे एकीच्या भाच्याने फोटो काढून पाठवलं, आणि आकडा बघून सगळ्या गप्प झाल्या. या वर्षी आम्ही बसून हिशेब मांडला. एका डझनाला किती तास लागतात, लाइट किती, चहा किती, ने-आणीला रिक्षा किती. व्यापाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, परवडत नाही, दुसऱ्या गावात करून घेतो. मग दर थोडासा वाढला, मागितला तेवढा नाही. शिवाय एका गटाने पन्नास कंदील स्वतःच्या खर्चाने करून तालुक्याच्या बाजारात स्टॉलवर ठेवायचं ठरवलं. ते जातील की उरतील ते दिवाळीनंतर सांगू. एक बदल मात्र पक्का केला. हिशेबाच्या वहीत 'मजुरी' असा वेगळा रकाना आखला. आधी मजुरी बाजूला काढायची, उरेल तो नफा. आजवर आपण घरचे हात धरतच नव्हतो.

ताईंच्या लेकीलाही आम्ही एक काम सांगितलं होतं. जत्रेत जाशील तेव्हा विचार, हे कोण करतं? तिने विचारलं. ज्या दुकानात ती उभी होती तिथल्या आजी म्हणाल्या, आम्हीच करतो, घरातलेच बसतो, जत्रा संपली की पुढच्या वर्षीचं सुरू. नाणी चिकटवून चिकटवून आजींच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. लेकीने सगळ्यांत छोटं कुमादे घेतलं. भाव केला, आणि मग उतरवलेले पैसेही दिले. एवढ्याशा दाताळ्यालाही त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हिगुची इचियो २३ नोव्हेंबर १८९६ ला क्षयाने गेली. वय चोवीस. तिच्या जुन्या वस्तीत आता तिच्या नावाचं संग्रहालय आहे. आणि २००४ पासून वीस वर्षं जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचा चेहरा छापला जात होता. २०२४ च्या जुलैत नवी नोट आली, तिच्यावरही बाईच आहे: त्सुदा उमेको, जिने १९०० साली मुलींच्या उच्च शिक्षणासाठी शाळा काढली. जुन्या नोटा अजून चालतात. लेकीने आजींना दिलेली नोट जुनीच होती.

मजुरीचा रकाना कसा आखायचा हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी शनिवारच्या बैठकीला आपापली वही आणि पेन्सिल घेऊन या. कंदिलाचे नमुनेही ठेवू.